शोकाकुल

"अध्यक्ष, पुढाऱ्यांचे एवढे फोटो घेतले तर बालाजीचा चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा होईल," मी म्हणालो.

"होऊ द्या की. पर सायबांचा बारका करू नका," तालुकाध्यक्ष म्हणाले.

वाशी या आमच्या तालुक्याच्या गावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाइन मीच करतो. आदल्या दिवशी मोर्चात दगडफेक झाली आणि डोक्यात दगड बसून बालाजी गेला. दगड कोणत्या बाजूनं आला, ते अजूनही ठरलेलं नाही. चौकात त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागणार होता आणि खाली पुढच्या मोर्चाची हाक.

आमच्या धंद्यात खालच्या पट्टीला फार मान. वाढदिवस असला की तिथं 'शुभेच्छुक' लिहायचं, माणूस गेला की 'शोकाकुल'. नावं बहुधा तीच असतात.

तेवढ्यात बालाजीची थोरली बहीण, संगीता, आली. आईबाप लवकर गेले, तेव्हा भावाला तिनंच वाढवलं. तिला घरात लावायला फोटो हवा होता. त्याचा चांगला फोटो मीच काढलेला, फाइल माझ्याकडंच होती. स्क्रीनवरची पट्टी तिनं सावकाश वाचली.

"दादा, शोकाकुल म्हंजी ज्याला दुःख झालंय त्योच ना?"

"व्हय, ताई."

"मग यातलं दवाखान्यात कोण आलं व्हतं?"

अध्यक्षांनी मोबाइल खिशात घातला. "ताई, बालाजी आता समाजाचा झालाय."

"समाजाचा व्हता तर त्याला रस्त्यावर टाकून कसं पळालात?" तिचा आवाज चढला नाही. "त्याच्या तोंडाखाली मोर्चाचं लिवू नका. आता कुणाचा भाऊ न्यायचाय?"

अध्यक्ष जुनं गिऱ्हाईक, निवडणुकीचं सगळं काम त्यांचंच. तरी मी म्हणालो, "फोटो घरच्यांचा हाय, अध्यक्ष. ताई न्हाय म्हणत्यात, मी छापणार न्हाय."

"बरं. आपला संबंध संपला," म्हणून ते उठले.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागलाच. दुसरीकडून करून आणलेला. बालाजीचा फोटो मोबाइलमधला होता. असा फोटो मोठा केला की फाटतो, म्हणजे नुसते ठिपके दिसतात. बालाजी ओळखू येत नव्हता. साहेब मात्र स्वच्छ दिसत होते.

संगीताच्या दारात मी केलेला लहान फ्लेक्स लागला. त्यात बालाजी हसतोय. खाली 'शोकाकुल', आणि पुढं एकच नाव.

अध्यक्ष परत आले नाहीत. आता श्रद्धांजलीचं काम घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, घरचं कुणी सोबत आहे का? बहुतेक वेळा नसतं.