आईचा गेम आणि ताईचं कुलूप

दिवसभर दुकानात मान मोडून लोकांचे मोबाइल दुरुस्त केल्यावर घरी कुणाच्या फोनला हात लावायचा नाही, असा त्याचा नियम होता. तो ताईसाठी मोडावा लागला. ती नर्स. तिच्या इस्पितळाने हजेरीचं अ‍ॅप आणलं आणि ते तिच्या फोनवर उघडेचना. दिवसभर राबूनही ती गैरहजर.

करणी त्याचीच होती. कंपनीने अपडेट बंद केले तेव्हा त्याने हौसेने फोनचा बूटलोडर, म्हणजे आतलं कुलूप, उघडून दुसरी सिस्टिम टाकली होती. उघड्या कुलपाचा फोन हजेरीच्या अ‍ॅपला चालत नव्हता.

"मग लाव कुलूप. त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं?" ताई म्हणाली.

"आधी कंपनीची सिस्टिम परत टाकायची, मगच कुलूप. नाहीतर फोनचा दगड होतो. आणि कुलूप लावलं की सगळं पुसलं जातं."

"फोटो काढून घे."

"फोटो निघतील. आईचा गेम जाईल."

दोघांनी पलंगाकडे पाहिलं. आजारपणात आईचा उजवा हात गेला होता. ताई कामावरून आली की शेजारी बसून फोन धरायची आणि आई डाव्या हाताने रंगीत फुगे फोडायची. असं करत ती बरीच पुढे पोचली होती.

कुलूप उघडं होतं तोवर आईचा इथवर खेळलेला गेम बाहेर काढता येत होता, पण लावल्यावर तो परत आत घालता येणार नव्हता. म्हणून त्याने दुकानातला एक कोपरा फुटलेला, उघड्या कुलपाचा जुना फोन आणला, गेम त्यात घातला आणि मगच ताईच्या फोनला कुलूप लावलं. हजेरीचं अ‍ॅप उघडलं. ताईने नुसती मान हलवली.

"हा तुझा स्वतःचा," त्याने जुना फोन स्टँडवर लावून आईपुढे ठेवला. "आता कुणी धरायला नको."

आईने फोनकडे पाहिलं, मग ताईकडे. ताई चपलांसकट खुर्चीत बसली होती.

"म्हणजे ही माझ्याजवळ बसायची नाही?"

तिने डाव्या हाताने स्टँड बाजूला सारला.

"मला नको हा. तिच्या फोनवर घाल."

"पहिल्यापासून खेळावं लागेल, आई."

"खेळीन. मला कुठे ड्यूटीला जायचंय?"

त्याने ताईच्या फोनवर गेम नव्याने उतरवला. ताई चपला काढून पलंगाच्या कडेला टेकली आणि तिने फोन धरला. मोठे मोठे फुगे वर येऊ लागले.

"हे तर अगदीच पोरकट आहे," आई कुरकुरली.

ताईचे डोळे मिटले होते. फोन मात्र हलला नाही.