मिस्त्रीची फिरकी

मिस्त्रीच्या हातून चेंडू सुटला की त्याचा आवाज यायचा. भिंगरीसारखा, बारीक घूंऽऽ असा. सात वर्षं मी त्याच्या गोलंदाजीवर कीपर होतो, त्यामुळे तो आवाज माझ्याइतका कुणी ऐकला नसेल. आजही भर दुपारी तो कानाशी येतो आणि मी अंगणात चालता चालता थबकतो.

देवगाव फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बौद्ध वस्तीच्या तोंडाशी त्याचं सायकलचं दुकान होतं. दिवसभर चाकाच्या तारा आवळून त्याची बोटं पकडीसारखी झाली होती. चेंडूचं शास्त्र मात्र नाजूक. पुढच्या अंगाला फिरवला तर चेंडू उंच जातो आणि फलंदाज पाय टाकतो न टाकतो तोच अलीकडे झपकन खाली येऊन उसळतो. मागच्या अंगाला फिरवला तर तरंगत लांब जातो आणि टप्पा पडल्यावर सरपटतो. हे तो हातात मोसंबी फिरवून समजावायचा आणि शेवटी तीच सोलून खायचा. "टप्पा काय, कुनालाबी दिसतो," तो म्हणायचा, "खरा खेळ अगुदरच वर हवेत झालेला असतो."

चेंडूला चमक आणायला आम्ही आळीपाळीने थुंकी लावायचो. मिस्त्रीची थुंकी माझ्या ग्लोव्हजला लागायची आणि कुणाचं सोवळं मोडायचं नाही. डाव संपला की मात्र घागर आमची. त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं. मीच ओतायचो. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

त्याची फिरकी मलाही कळायची नाही. दोनदा तोंडावर चेंडू बसल्यावर आमचं ठरलं. उलटा वळणारा टाकायचा असला की तो आधी कानाची पाळी ओढायचा. सात वर्षांत एकदाही विसरला नाही. "तुला न सांगता टाकला तर दात तुजे पडतील, पाप मला लागंल," म्हणायचा.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावातली बोलणी बदलली. एका सकाळी मिस्त्री आमच्या दारात उभा. यापूर्वी कधी आला नव्हता. पायरी न चढताच म्हणाला, "वस्तीवर काय होणार असलं तर मला अगुदर सांग. तुज्या कानावर येतंच की. म्हातारीला न् लेकराला सेलूला नेऊन ठेवतो."

मी बरं म्हणालो.

दोन दिवसांनी, दुपारी, चुलत्यांच्या ओसरीवर दुसऱ्या दिवशीचं ठरलं. मी तिथेच बसलो होतो. उठून सायकल काढली, दुकान दिसेपर्यंत गेलो. मिस्त्री चाक फिरवून बघत होता. घरच्यांना कळलं तर काय म्हणतील, एवढंच मनात आलं आणि मी सायकल वळवली. दुसऱ्या दिवशी दुकान जळालं, वस्ती जळाली. त्याची म्हातारी आई आतच राहिली. तो मुलाला घेऊन गाव सोडून गेला, आणि मी पुन्हा कधी ग्लोव्हज घातले नाहीत.

सोळा वर्षांनी नामांतर झालं, त्या वर्षी तो परभणीच्या स्टँडवर दिसला. मी तोंड चुकवणार तोच त्याने हाक मारली. केस पांढरे झाले होते. सोबत मुलगा होता, नुकताच नोकरीला लागलेला. "हे आमचे कीपर," मिस्त्री त्याला म्हणाला. मुलगा माझ्याकडे रोखून बघत राहिला, नमस्कारही केला नाही.

"याला मी कायम सांगत असतो," मिस्त्री मला म्हणाला, "तुमाला ठाऊक असतं, तर तुमी सांगितलंच असतं."

मी होकारार्थी मान हलवली.

तेव्हा कुठे मुलाने हात पुढे केला. मी तो हातात घेतला.