यंदाचं वर्ष आपलं

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना सगळी गल्ली पेंग्विनकाका म्हणायची. कुणी मरायला टेकलेला कॉम्प्युटर नेला की ते त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून देत, वर तिची खूण म्हणून पेंग्विनचं चित्र चिकटवत आणि म्हणत, "कुणाच्या बापाचं नाही हे. बघा, सगळे हेच वापरतील. यंदाचं वर्ष आपलं!" दरवर्षी हेच. आतून बायको ओरडे, "मग गेल्या वर्षीचं काय झालं म्हणे?" काकूंचा आवाज असा खणखणीत, की माझ्या शिवणयंत्राच्या खडखडाटातही ऐकू येई.

मग काकूंच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. एका कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. ऑपरेशनआधी वाक्यं वाचून आवाज साठवायचा, नंतर आपण लिहिलेलं त्याच आवाजात ऐकू येतं. आवाज इस्पितळातच साठवून झाला. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर कळलं, ते सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतच नाही. काकांनी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, "तुमच्यासारखे वापरणारे मोजकेच आहेत. मागणी नोंदवली आहे."

त्या "नोंदवली आहे"वर काका जगू लागले.

मी म्हटलं, "माझा लॅपटॉप न्या. त्यात लिनक्स नाही, त्यावर चालेल."

"जन्मभर लोकांना सांगितलं, दुसऱ्या कशाची गरज नाही म्हणून. आता मीच माघार घेऊ?"

"तत्त्वाचं काय लोणचं घालायचंय, काका? बायको मुकी बसलीय!"

"येतंय गं. यंदाचं वर्ष आपलं."

आतून कुणी ओरडलं नाही.

एकदा काका बाहेर गेलेले पाहून मी लॅपटॉप घेऊन थेट काकूंकडे गेले. त्यांनी त्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग पाटीवर लिहिलं, "नको. त्यांचा शब्द खाली पडेल." मला दोघांचाही संताप आला. हट्ट एकाचा आणि तोंड शिवून बसायचं दुसरीनं!

गाठ परत आली. काकू न बोलताच गेल्या.

पुढे जुने कॉम्प्युटर फेकून देण्यापेक्षा शाळांनी, कचेऱ्यांनी त्यांत लिनक्स घातलं. वापरणारे वाढले, तशी कंपनीला जाग आली. "आता लिनक्सवरही!" अशी मेल काकांना आली. वरातीमागून घोडं.

काकांनी मला बोलावून घेतलं. सॉफ्टवेअर चढवलं, साठवलेला आवाज जोडला. पडद्यावर रिकामी चौकट उघडली. "इथे लिहा." काकांनी बोटं कळफलकावर ठेवली आणि काढून घेतली.

"तू सांग, काय लिहू? तिला काय बोलायचं असायचं?"

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"माझ्याशी भांडायचीसुद्धा नाही शेवटी," ते म्हणाले. "मी काहीही सांगितलं की एकच शब्द लिहायची."

त्यांनी तो शब्द लिहिला आणि बटण दाबलं.

"बरं," काकू म्हणाल्या.