लाल दिवा लुकलुकत असताना

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्याने कधी शिकवलं नव्हतं. पण बावीस वर्षं तिथला एकुलता एक कॉम्प्युटर त्याने सांभाळला होता, आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं की हा तासभर समजावत बसायचा. यंत्र जुनंपुराणं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. पण सव्वातीनशे माणसांच्या पायांची मापं त्यातच होती. पाय झिजला की त्या मापांवरून नवा घडवायचा.

लाल दिवा लुकलुकत असेल, म्हणजे आत माहिती लिहिली जात असेल, तर यंत्र बंद करू नये, असा कागद मास्तरानेच भिंतीवर चिकटवला होता. त्या शनिवारी दुपारी मेव्हणी जेवायला यायची होती आणि बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. मास्तराने दिव्याकडे पाहिलं. लुकलुकत होता. एवढ्याने काय होतंय, असं म्हणत त्याने बटण दाबलं.

सोमवारी यादी उघडली, तर निम्म्या नावांच्या जागी नुसत्या चित्रविचित्र खुणा.

"शनिवारी शेवटी खोलीत कोण होतं?" कारखाना चालवणाऱ्या मॅडमनी विचारलं.

"मावशी आल्या होत्या फरशी पुसायला," साचेवाला म्हणाला. "वायर ओढली गेली असेल."

सगळे मास्तराकडे बघू लागले.

"होतं असं कधी कधी," तो म्हणाला. शब्द खोटे नव्हते, आणि तेच त्याला जास्त बोचलं.

मावशी एवढंच म्हणाल्या, की मी वायरीला हात लावत नाही. त्यांना त्याच दिवशी प्लास्टरच्या शेडमध्ये झाडायला पाठवलं.

मास्तर कामाला लागला. मापं आतच असतील, पुस्तक शाबूत आहे, फक्त अनुक्रमणिका फाटलीय, असं त्याने मॅडमना सांगितलं. आधी सगळ्या डिस्कची नक्कल काढली, मग त्या नकलेवर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला. एकशे साठ फायली सापडल्या, पण नाव एकीलाही नाही, नुसते आकडे. एकेक उघडायची, आत लिहिलेलं वाचायचं: डावा, गुडघ्याखाली, शिलाई मशीन चालवते. मग माप द्यायला येणाऱ्यांच्या कागदी हजेरीवहीत तारीख जुळवून माणूस शोधायचा. डोळ्यांची आग होई. जेवणाचा डबा तसाच परत जाई. बायको म्हणाली, "इतकं जिवाला लावून घेता. दुसऱ्याची चूक निस्तरताय ना?"

अकरा दिवसांत तीन सोडून सगळी मापं जागेवर आली. त्या तिघांना पुन्हा बोलावलं. त्यातला एक निवृत्त पोस्टमन, दोन बस बदलून, कुबड्यांवर आला. माप देताना म्हणाला, "झाडणाऱ्या बाईकडून झालं म्हणे. असू द्या हो, तिला बोलू नका. मुद्दाम का कुणी करतं?"

मास्तराच्या हातातली टेप तिथेच राहिली. तो उठून मॅडमच्या खोलीत गेला.

"वायरीचा काही संबंध नाही. दिवा चालू असताना बटण मी दाबलं."

मॅडमनी विचारलं, "सोमवारीच का नाही सांगितलंत?"

त्यांनी लेखी ताकीद दिली, त्याने सही केली.

मग तो शेडमध्ये गेला. मावशी खोकत खोकत पांढरी धूळ लोटत होत्या. चार कामगारांसमोर त्याने सगळं सांगितलं, माफी मागितली. मावशींनी झाडू थांबवला नाही.

"ठाऊक होतं मला. मी आले तेव्हा यंत्र बंदच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्यापुढे माझं कुणी ऐकलं असतं? म्हटलं, मास्तर स्वतः सांगतील. रोज वाट बघितली."

दुसऱ्या दिवशी त्या परत खोलीत आल्या. मास्तराकडे न बघता फरशी पुसून गेल्या. खोकला दोन महिने गेला नाही. तो कानावर आला की मास्तराची बोटं कीबोर्डवर थांबायची.