पांढऱ्या मातीने सारवलेला साग

लग्न होऊन मी वडशाला आले तेव्हा स्वातंत्र्याला आठेक वर्षे झाली होती. पती सरकारी लाकूड-आगारात कारकून. आमच्या क्वार्टरच्या खिडकीतून थेट रुळांपर्यंत सागाच्या थप्प्याच दिसत. चिरलेल्या सागाचा कडवट, तेलकट वास उशीतही मुरलेला असे. इतके लाकूड मी जन्मात पाहिले नव्हते. त्याच्याच आडोशाला एक बाई राहते, हे मला पौषात कळले.

दोन थप्प्यांमधल्या बोळकांडीवर पळसाच्या फांद्या टाकून तिने छप्पर केले होते. तिचे आणि तिच्या नवऱ्याचे खोपटे ज्या रानात होते, ते रान तोडीला निघाले आणि झाडांच्या आधी खोपटे मोडले गेले. मग तेच साग गाड्यांवर लादत दोघे इथवर आली. तिला आठवा महिना होता. आगारात राहण्यास मनाई होती; चौकीदार त्या बाजूला पाहणे टाळी, एवढाच तिचा आसरा.

एके सकाळी ती दाराशी आली. "बाई, तुमच्या इथी छुई असन तं द्या जराशी."

छुई म्हणजे भिंती सारवायची पांढरी माती. मी हसून विचारले, "अगं, पण भिंत कुठे आहे तुझी?"

"हे घ्या! तुमच्या घराले नाई एवढी जाड भिंत हाये माही. अन् लेकरू का काळ्या भिंतीत येईन?"

मी टोपलीभर दिली.

दुसऱ्या दिवशी पाहायला गेले. ओंडक्यांची गोल तोंडे पांढरी झाली होती. त्यांवर तिच्या बोटांचे अर्धवर्तुळाकार माग होते. ओल्या मातीचा थंड वास येत होता. मी तिचे कौतुक केले. परतताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने सरकारी शिक्का ठोकलेला असतो; शिक्क्यावाचून लाकूड चोरीचे ठरते. पांढऱ्या थराखाली एकही शिक्का दिसत नव्हता. तिला हे ठाऊक नव्हते. मला होते. तरी मी मागे वळले नाही.

लिलावापूर्वीच्या तपासणीला जंगलखात्याचे साहेब आले. दुपारी पती जेवायला बसले आणि भाताला हात न लावता म्हणाले, "शिक्के मुद्दाम लिंपलेत, चोरीचा माल दडवायला, असं साहेब म्हणतात. तिच्या नवऱ्याला धरून ठेवलंय." मग आवाज खाली आणून, "माती कोणी दिली, ते विचारताहेत. छुई आपल्याकडचीच ना?"

मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. त्यांनी पुन्हा विचारले नाही. "तू बाहेर पडू नकोस," एवढेच बोलून ते उठले.

खिडकीतून मी पाहत राहिले. साहेबांनी तिलाच भिंती धुवायला लावले. विहिरीवरून हंडा, थप्पीपाशी, पुन्हा विहीर. प्रत्येक खेपेला ती कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबे. पांढरे पाणी मातीत वाहत गेले आणि एकेक शिक्का वर आला, सगळे जागच्या जागी. माती कोणाची, हे तिने अखेरपर्यंत सांगितले नाही. नवऱ्याला सोडले. छप्पर मात्र चौकीदाराने काठीने खाली ओढले. अंधार पडण्याआधी आगार सोडण्याचा हुकूम झाला.

ती दोघे आमच्या कुंपणाजवळूनच गेली. गारठा उतरू लागला होता. तोवर मी दारात येऊन उभी होते. ती थांबली. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते.

"तुमी काई नाई बोलल्या, बरं केलं बाई," ती म्हणाली. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. "हे घरबी सरकारचंच हाये ना? तुमाले कुठी जाता आलं असतं?"

नवऱ्याने पुढून हाक मारली. ती रुळांच्या कडेने, जंगलाच्या दिशेने, सावकाश चालू लागली.