टेकडीवरचा आपापला दगड

आमच्या टेकडीवर माणसं मोजकी, पण किस्से इतके की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो. नाकाडोंगरीच्या पुढे जंगलात ही टेकडी. वर इंग्रज साहेबाच्या काळातला एक बंगला, आमचे चार होमस्टे, आणि बोर्ड मात्र ‘हिल स्टेशन’!

* * *

तो बोर्ड गजाननचा. वर चहाची टपरी त्याची, पण वागतो टेकडीच त्याची असल्यासारखा. ऐन मे महिन्यात नागपूरच्या पाहुण्यानं विचारलं, "हिल स्टेशन म्हणता, मग थंडी कुठे आहे?"

गजानन शांतपणे म्हणाला, "एकडाव खाली जाऊन या, मंग समजन."

* * *

विलास आमचा गाईड. बंगल्याचा इतिहास तो माणसं बघून सांगतो. सोबत मुलं असली तर इथे साहेबानं वाघ मारला. नवं जोडपं असलं तर बंगला मडमेसाठी बांधला. एकदा दोन्ही एकाच गाडीतून उतरली. त्या दिवशी मडमेनंच वाघ मारला!

* * *

खरा इतिहास म्हणजे वाटेवरच्या देवापाशी असलेला दगडांचा ढीग. टेकडी चढणाऱ्यानं खालच्या नाल्यातून आपला एक दगड आणून तिथे वाहायचा, ही रीत. आमचे आजे-पणजे सगळे त्या ढिगात. आणि आम्ही शहाण्यांनी पार्किंगसाठी जेसीबी लावून तो दरीत ढकलला!

दुसऱ्याच आठवड्यात निरोप आला. पर्यटनस्थळाचा दर्जा द्यायला पर्यटन खात्याचे साहेब येणार, आणि त्यांना तो ढीगच बघायचाय. दर्जा मिळाला तर पक्का रस्ता, नाहीतर पावसाळाभर होमस्टे बंद. माझी तर झोपच उडाली.

गजानन म्हणाला, ट्रॉलीभर दगड टाकू. देवापाशी दिवा लावणारी सीताआत्या भडकली. "ट्रॉलीतला दगड कोनाचा? हरेकानं आपला आना."

मग काय, अख्खं गाव दगड घेऊन चढलं! म्हातारे, पोरं, होमस्टेतले पाहुणेसुद्धा. असा उत्साह मी टेकडीवर कधी पाहिला नव्हता.

* * *

साहेब आले. ढीग बघून खूश झाले. किती जुना आहे, म्हणाले. आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो.

"कालचा हाये," सीताआत्या म्हणाली. "जुना ह्या पोट्ट्यायनं ढकलला."

साहेबांचा चेहरा पडला. माझ्या डोळ्यांसमोरून रस्ता वाहून गेला. आत्या मात्र थांबायला तयार नाही. "तुमचा दगड कुठी हाये?"

साहेबांनी हसून ड्रायव्हरला खूण केली.

"तो आनन तं तो त्याचा होइल. तुमचा तुमालेच आना लागन."

साहेबांनी एकदा उताराकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. मग गॉगल विलासच्या हातात दिला आणि पँट दुमडून नाल्याकडे उतरायला लागले.