आईची बेंबी आणि सीटी स्कॅन

आमच्या धाड गावात कुणाचंही पोट दुखलं की तो आधी माझ्या आईकडे येतो. सरकलेली बेंबी जागेवर बसवण्यात तिचा हातखंडा. आधी अंगठ्याने बेंबी दाबून पाहायची, मग तिच्यावर पेटती पणती ठेवायची, वर तांब्या पालथा घालायचा. तांब्याने पोट घट्ट धरलं की बेंबी बसली. यावर कुणी शंका काढली तर ती त्याच्याशी बोलत नाही. मी बुलढाण्यात शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आमचं बोलणं बरेचदा बंदच असतं.

मागच्या हिवाळ्यात तिचंच पोट दुखायला लागलं. निदान तिने तिथल्या तिथे केलं. अडचण एवढीच, की गावात बेंबी बसवणारं दुसरं कुणी नव्हतं. मग तिने स्वतःच स्वतःला तांब्या लावून घेतला. ताप चढला तेव्हा भावाने तिला जीपमध्ये घालून माझ्याकडे आणलं. जीपच्या धक्क्यांनी बेंबी आणखी सरकली, असं ती वाटभर त्याला ऐकवत होती.

दवाखान्यात सर्जनना तिच्या पोटावर लालसर गोल वण दिसला. "मावशी, तांब्या लावला का?"

"हाव. पण बराबर धरला नाही त्यानं."

पोटाच्या उजव्या बाजूला त्यांचा हात थांबला. मला बाहेर बोलावून ते म्हणाले, "गोळा लागतोय. अपेंडिक्स असेल, पण या वयात दुसरंही काही असू शकतं. आधी सीटी स्कॅन करू. आत काय आहे ते कळल्याशिवाय मी ऑपरेशन करणार नाही."

दुसरं काही म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. कॅन्सर हा शब्द मला त्यांच्या तोंडून ऐकायचा नव्हता. मी पार घाबरले होते.

आई मात्र स्कॅनसाठी थांबलेल्या नांदुऱ्याच्या एका बाईची चौकशी करत होती. तिच्या मुलाला मुतखडा होता.

"जड उचललं असन त्यानं," आई म्हणाली. "बेंबी पाह्यली का त्याची?"

दवाखान्याचा हिरवा झगा तिने नाइलाजाने घातला. इंजेक्शन दिल्यावर अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, पण होत नाही, असं तिथल्या माणसाने समजावलं. तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता मात्र घाबरली.

"त्याले इचार," ती हळूच म्हणाली, "फोटोत बेंबी दिसते का."

मी तिच्यावर खेकसले. दार बंद झालं आणि मला फार वाईट वाटलं.

आतून यंत्राचा हिंदी आवाज आला, "साँस रोकिए."

"रोखली," आई म्हणाली.

दुपारी सर्जननी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. "अपेंडिक्स सुजलंय. आतडी त्याला चिकटलीत, तोच गोळा लागत होता. दुसरं काहीही नाही."

मी आईशेजारच्या खुर्चीत बसले.

"उद्या दुर्बिणीनं काढून टाकू, मावशी. पोट फाडायचं काम नाही."

"अन् दुर्बीण घालता कुठून?"

"बेंबीतून."

आईने सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मी काय म्हणून राह्यली होती?"

"खरं आहे, आई. बेंबीचंच होतं," मी म्हणाले, आणि सर्जनसमोरच तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले.

"काऊन रडतं वं?" तिचा आवाज एकदम बदलला. "पोट दुखून राह्यलं का तुह्यं?"

आणि तिचा अंगठा माझ्या बेंबीकडे निघाला.